आज्जीच्या देव्हाऱ्यातला तांब्याचा पैसा, शिवराई का आणि काय? ओळखायला मदत करा ओ

मार्कंडेयकाठ:
नमस्कार मंडळी. आमचं गाव बेळगावपासून जवळच, उचगावच्या बाजूला. घरात रंगकाम काढलंय म्हणून देव्हारा हलवला तर टाकांच्या मागं ताम्हनात एक तांब्याचं नाणं हाताला लागलं. तसं लहानपणापासून बघालोय मी ते पण कधी हातात घेतलं नव्हतं, आज्जी त्याला नुसतं "पैसा" म्हणते. तिला तिच्या सासूनं दिलेलं, त्याच्या आधीचं काही माहीत नाही. जाडजूड आहे, गोल आहे म्हणावं तर गोल नाही, एक बाजू पार सपाट झालीय, गुळगुळीत, साबणाची वडी कशी होते तशी. दुसऱ्या बाजूला कायतरी उठलेलं आहे पण ते अक्षर आहे का चित्र आहे का नुसता ओरखडा आहे काय कळंना. दोन फोटो टाकलेत, ट्यूबलाइटखाली काढलेत म्हणून चकाकालंय, समजून घ्या.
चुलतभाऊ म्हणतोय शिवराई आहे, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, लाखात जाते. त्यानं कुठल्यातरी नंबरवर फोटो पाठवला पण, तिकडनं साडेतीन लाख देतो म्हणालेत, पण आधी नोंदणीचे म्हणून थोडे पैसे भरा म्हणालेत. म्हणून म्हटलं आधी इथं विचारू.

निप्पाणीचा_गडी:
शिवराईच. डोळं झाकून सांगतो. जय शिवराय 🚩

दोड्डपेटे:
निप्पाणीवाले, डोळं झाकूनच सांगताय ते दिसालंय 😀 मला तर दुसऱ्या फोटोत चक्क आने दिसतोय. आने म्हणजे हत्ती, बेळगावात राहून एवढं तर समजतं सगळ्यांना. डावीकडं सोंड, मधी पाठ. टिपूच्या पैशावर हत्ती असायचा आणि धारवाडला त्याची टांकसाळच होती, नाण्यावर गावाचं नाव खुर्शीद-सवाद असं यायचं. धारवाड आपल्यापासून कितीसं लांब.

टिळकवाडीची_काकू:
आधी स्वच्छ तरी करा. चिंच आणि मीठ लावून पाच मिनिटं ठेवायचं आणि घासायचं, तांब्याची भांडी कशी लखलखतात. मग अक्षरं दिसतील.

वजनकाटा:
काकू, थांबा. मार्कंडेयकाठ, चिंच लावू नका, लिंबू लावू नका, दंतमंजन नाही, राख नाही, काही म्हणजे काही लावू नका. तांब्याच्या नाण्याचा जो काळा-तपकिरी थर असतो तो मळ नाही, तांब्याचीच शे-दोनशे वर्षांत झालेली कातडी आहे. आंबट लागलं की ती जाते आणि तिच्याबरोबर अक्षराची कडपण जाते, खाली उरतं ते गुलाबी चकचकीत तांबं, त्यातून काहीही वाचता येत नाही आणि संग्राहक हात लावत नाहीत.
आता फोटोबद्दल. हत्ती दिसतो, मला मगाशी गणपती दिसला, ढगात बघितल्यासारखं आहे. टिपूचा पैसा असता तर हत्ती अख्खी बाजू व्यापतो आणि वजन ११ ग्रॅमच्या पुढं भरतं. शिवराई म्हणायलाही अजून काही हाताशी नाही. डोळ्यानं ओळखायच्या आधी मापं घ्यावीत, कारण झिजलेलं नाणं बघताना जो तो आपल्याला हवं तेच बघतो. मला एवढं पाहिजे: वजन ग्रॅममध्ये, दोन दशांशापर्यंत. व्यास दोन-तीन ठिकाणी मोजून. जाडी. लोहचुंबकाला चिकटतं का. आणि कडेचा फोटो. कड कोणीच दाखवत नाही आणि अर्धी गोष्ट तिथंच असते.

मार्कंडेयकाठ:
काका, आज्जी दर पौर्णिमेला चिंचेनंच घासते ओ 😐 लग्न होऊन आल्यापासून. म्हणजे पासष्ट वर्षं तरी झाली.

वजनकाटा:
मग एक बाजू का गेली त्याचं उत्तर मिळालं! बाजारात फिरून झिजलेलं नाणं दोन्ही बाजूंनी सारखं झिजतं, थैलीत एकमेकांवर घासून. तुमचं एका बाजूनं टक्कल आणि दुसऱ्या बाजूनं बरं. वरची बाजू घासली जात होती आणि खालची ताम्हनात टेकून वाचली. तुमचं नाणं चलनापेक्षा पूजेत जास्त झिजलंय. हे लक्षात ठेवा, वजनाच्या वेळी कामाला येईल.

दोड्डपेटे:
हे भारी आहे. हत्ती मी अजून सोडलेला नाही पण.

सीमाभागी:
वजन येईपर्यंत जरा भर घालतो. आपल्या भागात कुठलं तांबं सापडणार नाही हाच प्रश्न आहे. १६८६ मध्ये विजापूर पडेपर्यंत आदिलशाही, त्यांचे तांब्याचे पैसे फारसी अक्षरांचे. त्याआधी विजयनगर, त्यांची तांब्याची नाणी बहुतेक लहान, नंदी किंवा हत्ती आणि नागरीत देवरायाचं नाव. १७५६ मध्ये पेशव्यांनी सावनूरच्या नबाबाकडून बराच मुलूख घेतला, मग हैदर-टिपू, मग १७९०-९१ ला पेशव्यांचे सरदार परशुरामभाऊ पटवर्धनांनी धारवाडला वेढा घातला, १८१८ च्या एप्रिलमध्ये इंग्रजांच्या मन्रोनं बेळगावचा किल्ला घेतला. शहापूर तर त्यानंतरही सांगली संस्थानात. म्हणजे एका आठवडी बाजारात शिवराई, टिपूचा पैसा आणि ईस्ट इंडिया कंपनीचा पैसा एकाच थैलीत फिरत असणार. आणि आमचे म्हातारे लोक मराठीत बोलताना सगळ्यालाच दुड्ड (कन्नडमधला पैसा) म्हणायचे, कुणाचा का असेना. त्यामुळं हे "आपलं" का "त्यांचं" करत बसू नका, बाजारात कुणी विचारत नव्हतं.

निप्पाणीचा_गडी:
ते बरोबर हाय पण शिवराईच निघणार बगा.

मार्कंडेयकाठ:
मापं आणली. शहापूरला ओळखीच्या सराफाकडं गेलो, त्यानं काट्यावर टाकलं आणि हसला, म्हणाला याची मोड काय येणार नाही. वजन ८.७२ ग्रॅम. व्हर्नियर उद्यमबागला फौंड्रीत दोस्त आहे त्याच्याकडनं, व्यास २०.३ पासून २०.८ मिलिमीटर, जाडी ३ च्या आसपास पण टकलाच्या बाजूला मधी फुगीर आहे म्हणून कडेला २.८ येतीय. चुंबक चिकटत नाही.
आता मजा ऐका. हा दोस्त रोज कास्टिंग बघणारा माणूस, त्यानं नाणं नखावर उभं केलं, कड गोल फिरवून बघितली आणि म्हणाला हे ओतलेलं नाही. म्हटलं कशावरनं, तर म्हणाला पार्टिंग लाइन कुठाय? दोन साच्यांच्या मधली जी रेघ येते ती नाही, ती घासून काढलेली कानशीची खूण पण नाही, आणि कुठं ब्लोहोल, म्हणजे हवेचं भोक, नाही. उलट कडेला दोन ठिकाणी बारीक चिरा गेल्यात, बाहेरनं आत. त्याला नाण्यातलं काय कळत नाही पण चीर बघून म्हणाला, गार धातूवर जोरात घण बसला की असं फाटतं.

वजनकाटा:
तुमच्या दोस्ताला माझा नमस्कार सांगा. नाणेसंग्राहक दहा वर्षांत जे शिकतात ते त्यानं एका मिनिटात सांगितलं. जुनं तांब्याचं नाणं पाडलेलं असतं, म्हणजे तांब्याची चकती खालच्या ठशावर ठेवून वर दुसरा ठसा धरून घणाचा एक दणका. म्हणून कडा फाटतात, आकार वाकडा होतो. बाजारात ज्या नकली शिवराया मिळतात त्या बहुतेक ओतीव. त्यांची अक्षरं मऊ, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी भोकं, आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे "श्री राजा शिव" पूर्णच्या पूर्ण, मधोमध, कुठंही न कापता. अस्सल शिवराईत ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा. त्यामुळं एखादं अक्षर नाण्याच्या बाहेर राहणारच.
आता उरलेलं बाद करू. कंपनीचा पाव आणा १८३५ नंतरचा ६.४७ ग्रॅमचा, यंत्रावर पाडलेला, पातळ आणि चक्क गोल. तो नाही. टिपूचा पूर्ण पैसा नाही, वजन कमी भरतंय. दोड्डपेटे, माफ करा.

दोड्डपेटे:
टिपूचा पण झिजून कमी झाला असेल की. पासष्ट वर्षं चिंच!

वजनकाटा:
रास्त शंका आहे आणि हीच शंका शिवराईलाही लावायची आहे, म्हणून नीट बघू. ११.४ चं ८.७ व्हायला जवळपास पाव भाग तांबं जायला हवं. एवढं गेलं असतं तर मागच्या बाजूचं काही उरलंच नसतं, आणि तुम्हाला तिथं सोंड दिसतेय म्हणजे काहीतरी उरलंय. एकाच बाजूनं घासलंय, अर्धा-पाऊण ग्रॅम गेला असं धरा. म्हणजे मूळ वजन सव्वानऊ-साडेनऊच्या घरात.
आता दोन कामं करा. एक, तांबंच आहे का बघा. छोटा प्लास्टिकचा कप पाण्यानं भरून काट्यावर ठेवा, काटा शून्य करा, नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा पण तळाला टेकू देऊ नका. जो आकडा येईल त्यानं ८.७२ ला भागा. शुद्ध तांबं ८.९६, जुनं भेसळीचं थोडं खाली, पितळ साडेआठच्या आतबाहेर. फरक फार बारीक आहे, काट्यावर काही शतांश ग्रॅमचा खेळ, तेव्हा पाच वेळा करा आणि बुडबुडे राहिलेत का बघा.
दुसरं, रात्री खोलीत अंधार करा, मोबाइलचा टॉर्च नाण्याच्या पातळीवर आडवा धरा, वरून नाही, सूर्य मावळताना रानातल्या ढेकळांची सावली लांब पडते तसा. दुसऱ्या मोबाइलवर फोटो काढा. उजेड चारी बाजूंनी फिरवून चार फोटो, आणि तेच चार नाणं उलटं फिरवून.

टिळकवाडीची_काकू:
माझा चिंचेचा सल्ला मागे घेते. पण मग भांडी घासलेली चालतात आणि नाणं का नाही हे आमच्या ह्यांना समजावून सांगताना पंचाईत झाली.

सीमाभागी:
काकू, भांड्यावर कुणी नाव वाचत नाही. म्हणजे वाचतात, "लग्नप्रसंगी भेट" असतं ते 😀

मार्कंडेयकाठ:
पाण्याचं केलं. पाच वेळा. १.००, १.००, ०.९९, १.०१, १.००. म्हणजे भागाकार पण ८.७२ च्या आसपास, शुद्ध तांब्याच्या थोडा खाली. दोस्तानं आणि एक हिशेब करून दिला, एक घनसेंटिमीटर म्हणजे ह्या व्यासाला जाडी ३ मिलिमीटर यायला पाहिजे, आणि व्हर्नियरवर तेवढीच आलीय. आत पोकळ काय नाही म्हणाला.
आणि टॉर्च. काका, काय सांगू. रात्री साडेदहाला घरातल्या सगळ्या लाइटी बंद केल्या, बायको धरून बसली टॉर्च, मी फोटो काढालोय, आज्जी खाटेवरनं विचारालीय काय चोरी करालाय काय रे. पहिल्या तीन फोटोत काय नाही. चौथ्याला उजेड डावीकडनं आला आणि एकदम लाल रेघा दिसल्या. लाल! मला वाटलं गंज आहे का काय. मोठं करून बघितलं तर कुंकू आहे ते. वर्षानुवर्षांचं कुंकू आणि तेल, खोलगट जागेत जाऊन दगडासारखं बसलंय, आणि त्याच्यामधनं तांब्याचे उंचवटे काळे उठून दिसालेत. नाणं उलटं फिरवलं तर दोड्डपेटे यांची सोंड होती ना, ती "प" ची दांडी निघाली. "प", त्याच्या पुढं "त" चं पोट, त्याच्या वर आडव्या दोन रेघा, अगदी जवळजवळ, आणि रेघांच्या वर कायतरी वेटोळं. फोटो टाकलाय बघा.

निप्पाणीचा_गडी:
छत्र पति!!! सांगितलं होतं का नाही! 🚩🚩🚩

दोड्डपेटे:
आने गेला 😭 फोटो उलटा होता म्हणजे. मान्य. "पति" स्पष्ट आहे, वरचं "छत्र" असणार.

वजनकाटा:
अभिनंदन. शिवराई आहे आणि अस्सल आहे. पुढच्या टकलाच्या बाजूला "श्री राजा शिव" होतं, तीन ओळीत, ते पूजेत गेलं. कडेला दोन-तीन टिंबं दिसताहेत पहिल्या फोटोत, ती ठशाच्या बाहेरच्या मण्यांच्या वर्तुळाची.
आणि कुंकू काढू नका. चिंचेनं घासताना उंचवटे गेले पण खोलगटात कुंकू बसत राहिलं, तीच तुमची शाई झाली. सगळं धुतलं असतं तर मी इथं बसून "कदाचित" म्हणत राहिलो असतो.
आता पुढचं ऐकायला निप्पाणीकरांना आवडणार नाही. "छत्र" आणि "पति" यांच्या मधल्या त्या दोन आडव्या रेघा बघा. दोन दांड्या, म्हणून याला दुदांडी शिवराई म्हणतात. १६७४ ला राज्याभिषेक झाल्यावरच्या ज्या महाराजांच्या शिवराया आहेत त्या जड, ११ ते १३ ग्रॅमच्या आसपास, अक्षरंही वेगळ्या वळणाची. दुदांडी ही नंतरची, पेशवाईतली आणि कंपनी सरकार आल्यावरही काही वर्षं पाडलेली, ९ ग्रॅमच्या आसपासची. आपण मूळ वजन सव्वानऊ-साडेनऊ धरलं होतं, ते बरोबर तिथंच बसतं. म्हणजे नाव महाराजांचं, काळ त्यांच्यानंतर शंभर-दीडशे वर्षांचा.

निप्पाणीचा_गडी:
म्हणजे महाराजांच्या हातचं नाही?

वजनकाटा:
नाही.

निप्पाणीचा_गडी:
पण इंग्रज आल्यावर पण महाराजांच्या नावानंच पाडत होते म्हणालात ना तुमी?

वजनकाटा:
हो. लोकांचा विश्वास त्या नावावर होता, दुसरं नाणं बाजारात कुणी पटकन घेईना. एकोणिसावं शतक बरंच उलटेपर्यंत शिवराई चालत होती.

निप्पाणीचा_गडी:
मग बास की. ह्याच्यापेक्षा मोठं काय पाहिजे.

सीमाभागी:
आज पहिल्यांदा मी निप्पाणीकरांशी सहमत.

खानापूर_लोकल:
मधेच घुसतोय. ते साडेतीन लाखवाले. चुलतभावाला म्हणावं एक रुपया भरू नको. आमच्या ओळखीत एकानं नोंदणी, मग टॅक्स, मग कुरिअर असं करत बरेच घालवले, नाणं घरात तसंच. रिझर्व्ह बँकेनं २०२१ च्या ऑगस्टमध्ये पत्रक काढून सांगितलंय की आमच्या नावानं जुन्या नाण्यांच्या व्यवहाराला कोण फी मागत असेल तर ती फसवणूक आहे. आणि ते रामदरबार छापलेलं "ईस्ट इंडिया कंपनी १८१८" पण कुणी देत असेल तर घेऊ नका, कंपनीनं असलं नाणं कधी पाडलेलंच नाही. चमत्कारी म्हणून "तांदूळ ओढणारा" तांब्या विकणारी पण हीच मंडळी.

मार्कंडेयकाठ:
चुलतभावाला दाखवला हा मेसेज. गप्प बसलाय. बहुतेक भरलेत थोडे, सांगंना झालाय.
खरी किंमत काय असेल पण? विकायचं नाही, असंच विचारालोय.

वजनकाटा:
एक बाजू पूर्ण गेलेली दुदांडी, शंभर-दीडशेला कुणी घेतलं तर घेतलं. दुदांडी पुष्कळ मिळते. माझ्याकडंच डबाभर आहेत. पण कुंकवानं वाचता आलेली माझ्याकडं एकही नाही.
जपायचं तर एवढंच: प्लास्टिकच्या पिशवीत दमट ठेवू नका, आपल्याकडं जून ते सप्टेंबर भिंतीला बुरशी येते. कागदाच्या पाकिटात ठेवा. कधी पिस्त्यासारखा फिका हिरवा भुगा दिसला, बोटाला लागणारा, तर लगेच बाकीच्या तांब्यापासून बाजूला काढा, तो क्षारांचा रोग आहे आणि ओल मिळाली की वाढत जातो. गडद हिरवा घट्ट थर असेल तर घाबरायचं कारण नाही. अजून खात्री हवी असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था आहे.

दोड्डपेटे:
कायद्याचं काय? जुनं नाणं सापडलं की सरकारजमा असं ऐकलं होतं.

सीमाभागी:
ते जमिनीत पुरलेलं सापडलं तर. १८७८ चा कायदा आहे, दहा रुपयांच्या वर किंमत असेल तर कलेक्टरला कळवायचं. पिढीजात देव्हाऱ्यातल्या पैशाला तो लागत नाही. देशाबाहेर मात्र पाठवता येणार नाही, शंभर वर्षांपेक्षा जुनं आहे.

मार्कंडेयकाठ:
सगळ्यांचे आभार. काल आज्जीला बसून सगळं सांगितलं, मोबाइलवर मोठं करून "पति" दाखवलं. तिला वाचता येत नाही पण बोट फिरवून बघितलं तिनं. म्हणाली माझी सासू म्हणायची हा राजाचा पैसा आहे, मला वाटायचं राजा म्हणजे आपला देव.
मग काकांचं ऐकून कागदाचं पाकीट आणलं तर आज्जीनं घेऊन दिलं नाही. आज सकाळी बघितलं तर पैसा परत ताम्हनात. फक्त आता उलटा ठेवलाय, अक्षराची बाजू वर. आणि त्याच्यावर ताजं कुंकू लावलंय.

वजनकाटा:
कुंकू असू दे. पौर्णिमेच्या आधी घरातली चिंच तेवढी लपवा.